वेगवान बॅटलक्रूझर स्प्रिंगशार्पमध्ये का फसते? या चुका टाळा

बहुतेक जण स्प्रिंगशार्प हे युद्धनौकांचा आराखडा करायचं सॉफ्टवेअर उघडतात, आवडत्या तोफा भरतात, जाड चिलखत देतात आणि वेगाच्या चौकटीत 34 नॉट (तासाला सागरी मैल) टाकतात. अहवालात एकत्रित मजबुती 0.70 दिसते. मग कुणी ड्राफ्ट (पाण्याखालची खोली) वाढवतो, कुणी ब्लॉक कोएफिशियंट (बूड किती भरदार, हे सांगणारा आकडा) फुगवतो, कुणी इंजिनाचं वर्ष गुपचूप दहा वर्षं पुढे नेतो. आकडा कसाबसा 1.00 वर येतो, पण तोवर ती बॅटलक्रूझर, म्हणजे मोठ्या तोफांची वेगवान युद्धनौका, राहिलेली नसते.

मजबुतीचा आकडा समजून न घेणं

हे सॉफ्टवेअर सांगाड्याचं वजन तुम्हाला विचारत नाही. एकूण विस्थापनातून (जहाजाच्या एकूण वजनातून) तोफा, चिलखत, यंत्रं, इंधन, दारूगोळा आणि इतर वजनं वजा होतात. जे उरतं त्यातून सांगाडा बांधायचा असतो. ते उरलेलं वजन पुरेसं आहे का, एवढंच मजबुतीचा आकडा सांगतो. म्हणून 0.70 आलं तर जहाजात काहीतरी जास्त कोंबलंय, हे आधी मान्य करा. आडवी आणि उभी मजबुती वेगवेगळी दिसते. निर्णय एकत्रित आकड्यावर घ्या, युद्धनौकेसाठी तो 1.00 च्या खाली नको.

ब्लॉक कोएफिशियंट वाढवल्याने काय होतं, ते हाताने मोजून पाहा. पाण्याच्या रेषेवर लांबी 850 फूट, रुंदी 100, ड्राफ्ट 30 आणि कोएफिशियंट 0.56 घ्या. चौघांचा गुणाकार भागिले 35, म्हणजे 40,800 लाँग टन (35 घनफूट खाऱ्या पाण्याचं वजन एक लाँग टन). कोएफिशियंट 0.62 केला की विस्थापन सुमारे 45,170 टनांवर जातं. मजबुती सुधारते, पण बूड भरदार झाल्यामुळे त्याच वेगाला जास्त अश्वशक्ती लागते, यंत्रं जड होतात आणि मिळालेल्या वजनाचा मोठा हिस्सा तीच खातात. वेगवान जहाजाला 0.55 ते 0.58 च्या आसपास राहा आणि वजन दुसरीकडून काढा.

शेवटच्या दोन नॉटांची किंमत

अहवालातला लांबीनुसार नैसर्गिक वेग म्हणजे फुटांतल्या लांबीचं वर्गमूळ. 850 फुटांना तो 29.15 नॉट येतो. त्याच्या पुढे गेलात की शक्तीचा वाढता भाग लाटा उठवण्यात जातो. ती टक्केवारीही अहवालात असते आणि ती न वाचणं ही फार मोठी चूक आहे. साधा घनाचा नियम लावला तरी 32 वरून 34 नॉटला 20 टक्के जास्त शक्ती लागते, प्रत्यक्षात त्याहून जास्त. जपानची कोंगो पाहा: मूळ 64,000 अश्वशक्ती आणि 27.5 नॉट. 1930 च्या दशकातल्या पुनर्बांधणीत मागची बाजू सुमारे 8 मीटर लांबवून 1,36,000 अश्वशक्ती बसवली, तेव्हा ती 30 नॉटच्या आसपास गेली. मधल्या काळात वजनही वाढलं होतं, तरी शक्ती दुपटीहून जास्त आणि वेगात भर अडीच-तीन नॉटांची.

म्हणून आधी लांबी वाढवून पाहा, मग शक्ती. पण लांबी भरताना पाण्याच्या रेषेवरची लांबी आणि एकूण लांबी यांची गल्लत नको. अमेरिकेच्या आयोवा या युद्धनौकेची एकूण लांबी 887 फूट, पाण्याच्या रेषेवर 860. शिवाय मीटर-फूट नीट तपासा. 260 मीटरऐवजी 260 फूट पडले की पुढचा प्रत्येक आकडा वाया जातो.

इंजिनाचं वर्ष बांधणीच्या वर्षाशी जुळवा. 1916 च्या जहाजात 1936 ची यंत्रं बसवली की ती हलकी येतात आणि आराखडा खोटा ठरतो.

चिलखत आणि तोफा

सर्वांत जास्त वजन डेकच्या चिलखतात लपतं. 850 बाय 100 फुटांच्या जहाजाचं पाण्याच्या रेषेवरचं क्षेत्रफळ सुमारे 59,500 चौरस फूट धरा. एक इंच पोलादाला चौरस फुटामागे सुमारे 40.8 पौंड, म्हणजे संपूर्ण डेकवर प्रत्येक इंचाला जवळजवळ 1,080 टन. डेक 2 वरून 4 इंच करणाऱ्याने 2,160 टन कुठून आणणार हे आधी ठरवावं.

मुख्य पट्ट्याची (जहाजाच्या बाजूवरच्या जाड चिलखताची) लांबी बघताना लक्षात ठेवा: हे सॉफ्टवेअर जहाजाच्या 65 टक्के लांबीला सामान्य मानतं. 850 फुटांच्या जहाजाला ते 552 फूट होतात. तुम्ही 400 दिलेत तर अहवालात 72 टक्के येतात, आणि दारूगोळ्याची कोठारं व यंत्रं पूर्ण झाकलेली नाहीत असा इशारा मिळतो. तो दुर्लक्षिण्यासारखा नाही. 31 मे 1916 रोजी जटलंडच्या सागरी लढाईत इनव्हिन्सिबल, इंडिफॅटिगेबल आणि क्वीन मेरी या तीन ब्रिटिश बॅटलक्रूझर कोठारांतल्या स्फोटाने गेल्या.

तोफगोळ्याचं वजनही स्वतः भरा. आवृत्ती 2 मध्ये ते कॅलिबरच्या (तोफेच्या नळीच्या इंचांतल्या व्यासाच्या) घनाच्या निम्मं गृहीत धरलेलं असतं: 15 इंचाला 1,687.5 पौंड. ब्रिटिश 15 इंची गोळा सुमारे 1,920 पौंडांचा होता. आठ तोफा, तोफेमागे शंभर गोळे धरले तर फक्त गोळ्यांतच 80 टनांहून अधिक फरक पडतो.

स्थिरता आणि फ्रीबोर्ड

कापसाची बंडी वरपर्यंत रचली की वळणावर कलते, आणि चाकांमधलं अंतर जास्त असेल तर तेवढाच कापूस नीट जातो. जहाजाचंही तसंच: एकावर एक उचललेले तोफांचे बुरुज आणि जाड वरचा पट्टा स्थिरता खाली ओढतात, रुंदी ती परत देते. स्थिरता 1.00 च्या खाली गेली तर आधी रुंदी 2-3 फूट वाढवा. रोलिंग झपाट्याचं होत असेल, तोफांसाठी डळमळीत मंच असा शेरा येत असेल, तर ट्रिमचा आकडा स्थिरतेकडून शांतपणाकडे सरकवा. हे शेवटी करा, कारण त्याआधीच्या प्रत्येक बदलाने तो पुन्हा हलतो.

विदर्भात वाढलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे पाणी म्हटलं की गोसीखुर्दचा जलाशय येतो. फ्रीबोर्ड (पाण्यापासून डेकपर्यंतची उंची) मात्र उत्तर अटलांटिकच्या हिशेबाने द्या. जटलंडनंतर हूड या ब्रिटिश बॅटलक्रूझरच्या आराखड्यात चिलखत वाढवलं, ती ठरल्यापेक्षा खोल बसली आणि मागचा डेक खवळलेल्या समुद्रात सतत पाण्याखाली जायचा. समुद्रक्षमतेचा आकडा 1.00 ला सरासरी आहे. लांब आणि वेगवान जहाजाला त्याहून वर ठेवा. जास्त फ्रीबोर्डने सांगाडा खोल होतो आणि उभी मजबुतीही वाढते.

पाण्याखालच्या जागेची टक्केवारी 100 च्या खूप वर गेली असेल तर दीड-दोन लाख अश्वशक्तीची यंत्रं आणि कोठारं मावणार नाहीत. इथे लांबी किंवा ड्राफ्ट हाच उपाय. पल्ला मात्र उगाच 20,000 मैल ठेवू नका. त्या इंधनाचं वजन सगळा हिशेब बिघडवतं.

प्रत्येक बदल वेगळ्या नावाने सेव्ह करा, जसं ‘रुंदी-102’, आणि एका वेळी एकच आकडा बदला. एमएस-सीआयटी केंद्रातल्या किंवा घरच्या डेस्कटॉपवर काम करत असाल तर यूपीएसची बॅटरी तपासून ठेवा; लोडशेडिंगमध्ये अर्धवट आराखडा गेला की तो आठवणीतून पुन्हा जुळवताना चुकीचे आकडे शिरतात.