पोपट दुसऱ्या घरी द्यायचाय? घाई करू नका, आधी हे वाचा

आफ्रिकन ग्रे पोपट नीट सांभाळला तर ४०-६० वर्षं जगतो, मकाव पण पन्नाशी गाठतो, छोटा कॉकटेल (कॉकाटील) १५-२०. म्हणजे पन्नाशीत पिल्लू आणलं की तो आपल्या मागे राहणार हे धरूनच चाला. मुलं परदेशात, घरात एकटे आजोबा आणि पिंजऱ्यात ग्रे, असं झाल्यावर मग फोनाफोनी सुरू होते आणि पक्षी मिळेल त्याच्या हाती जातो. म्हणून पुढचा माणूस आत्ताच शोधा, तुमचे हातपाय चालू आहेत तोवर.

आधी पोपट कुठला ते बघा. आपला हिरवा पोपट किंवा पहाडी पोपट असेल तर तो वन्यजीव कायदा १९७२ खाली संरक्षित आहे, घरात ठेवणंच बेकायदेशीर, मग कुणाला देणं-विकणं लांबच राहिलं. वनविभागाच्या १९२६ ला फोन करा. आणि प्लीज गॅलरीतून उडवून देऊ नका, पिंजऱ्यात वाढलेल्याला ना खाणं शोधता येतं ना कावळ्यांपासून वाचता येतं.

परदेशी पोपट असेल तर कागद लागतात. ग्रे, मकाव, कोनूर, काकाकुआ हे सगळे साइट्स (CITES) म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या यादीत आहेत, २०२४ च्या नियमांनुसार त्यांची नोंद केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते आणि पक्षी दुसऱ्याला दिला तर तेही कळवावं लागतं. बजरी (बजरीगर) आणि कॉकटेल यात येत नाहीत.

आता माणूस कसा निवडायचा. "फुकट देणे आहे" अशी पोस्ट अजिबात टाकू नका, फुकट घेऊन पुढे विकणारे टपलेलेच असतात. घरी जाऊन बघा. दिवसा घरी कोण असतं, मांजर आहे का, खिडक्यांना जाळी आहे का, आणि पक्षी मोकळा असताना सीलिंग फॅन बंद ठेवतील का, हे विचाराच, फिरत्या पंख्यात पक्षी जातात. नॉनस्टिक तवा जास्त तापला तर त्याच्या वाफेने पोपट काही मिनिटांत मरू शकतो, हे ज्याला सांगून पटत नाही त्याला पक्षी देऊ नका. त्यांच्याकडे आधीच पक्षी असतील तर नवीन आलेल्याला निदान महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवायला सांगा. जोडी असेल तर जोडीनेच द्या.

एकदम नेऊन सोडायचं नाही. नवीन माणसाने आधी काही आठवडे तुमच्याकडे यावं, त्याच्या हातून दाणा खाऊ दे, खांद्यावर बसू दे. देताना पिंजरा, दांडी, खेळणी सगळं जुनंच द्या.

सोबत एक वही. त्यात साधंच लिहायचं, पण बारीक: साडेसहाला पिंजऱ्यावरचं कापड काढलं की आधी पाणी, मग भिजवलेले मूग आणि गाजराचा कीस, सूर्यफुलाच्या बिया फक्त बक्षीस म्हणून, कुकरच्या शिट्टीला घाबरतो, डोकं खाजवलेलं चालतं पण पाठीला हात नको. अवोकाडो आणि चॉकलेट विषारी, हे मोठ्या अक्षरात. पक्ष्यांच्या डॉक्टरचा नंबर आणि नेहमीचं वजन ग्रॅममध्ये.

पैशाचं पण बघा. आपल्याकडे पक्ष्याच्या नावावर पैसे ठेवता येत नाहीत, कायद्याने तो मालमत्ता धरला जातो. मृत्युपत्रात सांभाळणाऱ्याचं नाव, त्याला अमुक रक्कम कशासाठी ते, आणि त्याला नाही जमलं तर दुसरं नाव लिहा, सही दोन साक्षीदारांसमोर. ज्यांचं नाव टाकताय त्यांना आधी विचारा मात्र.

दिल्यावर पहिले दोन-तीन आठवडे रोज सकाळी किचनच्या काट्यावर वजन करायला सांगा, कारण पोपट आजार लपवतो आणि पिसांमुळे बारीक झालेला दिसतच नाही. ४५० ग्रॅमचा ग्रे ४०५ वर आला, किंवा पिसं उपटायला लागला, खाणं सोडलं, तर "रुळेल हळूहळू" म्हणत बसायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायचं.