कृष्णधवल फोटो डिजिटल कॅमेऱ्याने काढताना या चुका टाळा

रंगीत फोटो फसला की सॅच्युरेशन (रंगांचा गडदपणा) शून्यावर नेऊन त्याला वाचवायचं, ही सर्रास होणारी चूक. असा फोटो मळकट दिसतो, मग कॉन्ट्रास्ट चढवला जातो आणि सावल्या काळ्याकुट्ट होतात. मूळ दुखणं मात्र तसंच राहतं: कुठला रंग किती गडद करड्यात उतरायला हवा, हे कुणी ठरवलेलंच नसतं.

ठाण्याच्या जांभळी नाक्यावर फुलांच्या टोपल्यांपाशी हे लगेच कळतं. दुर्वांच्या जुड्यांवर ठेवलेली लाल जास्वंद लांबूनही नजरेत भरते. त्याच फोटोतले रंग सरसकट काढले की फूल आणि दुर्वा बऱ्याचदा एकाच करड्यात मिसळून जातात, कारण दोघांचा उजळपणा जवळपास सारखा असतो. फरक होता तो रंगाचा. एडिटिंग करताना ब्लॅक अँड व्हाइट मिक्सर उघडा (प्रत्येक रंग किती उजळ करड्यात उतरेल हे ठरवणारे स्लायडर), लाल खाली आणा, हिरवा थोडा वर न्या. फूल गडद होऊन उठून येतं. उलटही करता येतं, पण लाल फार वर नेला की पाकळीवरच्या शिरा पुसल्या जातात आणि फुलाच्या जागी पांढरा डाग उरतो. माझं मत गडद फुलाच्या बाजूने.

माणसांच्या फोटोत हाच लाल जास्त जपून वापरावा लागतो. लाल फिल्टरचा इफेक्ट लावला की त्वचा उजळते, डाग झाकले जातात, म्हणून तो अनेकांना आवडतो. पण त्यात ओठ फिके पडतात आणि कपाळावरचं कुंकू जवळजवळ नाहीसं होतं. आजीच्या फोटोतून कुंकू गेलं तर तो फोटो तिचा राहत नाही. अशा वेळी लाल खाली ठेवा आणि त्वचा नारिंगीच्या स्लायडरने सांभाळा.

हे सगळं करायला फाइलमध्ये रंग असायला हवेत. कॅमेऱ्यात मोनोक्रोम लावून नुसतं जेपेग काढलं तर ते कायमचे जातात. फोटो रॉमध्ये, म्हणजे सेन्सरची सगळी माहिती जपणाऱ्या फाइलमध्ये काढा आणि कॅमेऱ्यातली पिक्चर स्टाइल मोनोक्रोम ठेवा. स्क्रीनवर कृष्णधवल दिसेल, रंगांची माहितीही शाबूत राहील. कॉम्प्युटरवर फाइल रंगीत उघडली तर घाबरू नका, रॉचं तसंच असतं. शिवाय जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या 256 पातळ्या असतात, 14 बिट रॉमध्ये 16,384. आभाळ गडद करताना जेपेगमध्ये पट्टे दिसतात ते त्यामुळेच.

आभाळाचीही एक गंमत आहे. जुलैत ठाण्याजवळच्या येऊरला जाऊन लाल फिल्टर लावला आणि आभाळ पांढरंच राहिलं, तर दोष फिल्टरचा नाही. तो निळा रंग गडद करतो, आणि भरल्या आभाळात निळं काही नसतंच. तेव्हा एक्स्पोजर थोडं कमी ठेवून ढगांतला तपशील वाचवा. जळून पांढरा झालेला भाग कृष्णधवल केल्याने परत येत नाही. दिवाळीनंतर निळं आभाळ मिळतं, तेव्हा उलटी चूक होते: निळा स्लायडर तळाला नेला जातो, आभाळात नॉइज (दाणेदारपणा) येतो आणि नवी मुंबईच्या पामबीच रोडवरच्या टॉवरांच्या कडांना पांढरी झालर दिसू लागते. झालर दिसली की स्लायडर थोडा मागे घ्या.

ठाणे खाडीतले फ्लेमिंगो मात्र मी रंगीतच ठेवीन. गुलाबी गेला की चिखलात उभा असलेला थवा करड्यात करडा होतो. कृष्णधवलच हवं असेल तर उडते पक्षी टिपा, पंख उघडल्यावर दिसणारी काळी पिसं आकार धरून ठेवतात.

प्रिंटवर हिरवट किंवा जांभळट झाक आली तर आधी फाइल तपासा. तिथे करडा शुद्ध असेल (लाल, हिरवा, निळा तिन्हींचे आकडे सारखे) तर झाक छपाईतली आहे. मोठी प्रिंट काढण्याआधी त्याच कागदावर छोटी काढून घ्या आणि ती ट्यूबलाइटखाली नको, खिडकीपाशी दिवसाउजेडी बघा.