रीसलिंग गोड की ड्राय? बाटली न उघडता ओळखा

जर्मनीतल्या मोझेल, ऱ्हाइनगाऊ भागातली रीसलिंग ही पांढरी वाइन घ्यायची तर लेबलावरच्या लांबलचक जर्मनमधून ती गोड आहे की ड्राय, हेच कळत नाही.

१. आधी ‘ट्रॉकन’ शोधा. सापडलं की वाइन ड्राय. साखर लिटरला जास्तीत जास्त ९ ग्रॅम.

२. नसेल तर कोपऱ्यातला अल्कोहोलचा आकडा बघा. ७ ते ९ टक्के असेल तर गोडवा नक्की, १२ च्या पुढे बहुधा ड्राय. मधल्या आकड्यांवर पैज नको.

‘कॅबिनेट’, ‘श्पेटलेझे’ वाचून गोडीचा अंदाज बांधू नका. ते द्राक्षं किती पिकली होती त्याबद्दल आहे.

‘झेक्ट’ या फेसाळत्या जर्मन वाइनचं गणित मात्र वेगळं: तिथे ‘ट्रॉकन’ म्हणजे लिटरला १७ ते ३२ ग्रॅम साखर! ड्राय हवी तर ‘ब्रूट’ घ्या.