कुत्र्याच्या पायाला मार लागला तर: पहिला पैसा निदानावर

कुत्र्याने अचानक पाय उचलून धरला की घरातलं कोणीतरी तेल कोमट करायला जातं आणि कोणीतरी आपल्याच गोळ्यांचा डबा उघडतं. दोघांनाही थांबवा. मी पुण्यात सहकारनगरमध्ये राहते, एका पतसंस्थेत हिशेबाचं काम करते. आमच्या गुंड्याच्या मागच्या पायाचं ऑपरेशन झालं, त्यातून जे शिकले ते लिहिते आहे. गुंड्या म्हणजे लॅब्राडोर आणि गावठीचं मिश्रण, वजन २८ किलो. वजन मुद्दाम सांगितलं, कारण पुढचे बरेचसे निर्णय त्यावरच ठरतात.

लगेच निघायचं की थांबायचं

गाडीची धडक बसली असेल तर पाय हा नंतरचा विषय. धडकेत फुफ्फुसाभोवती हवा साठू शकते, मूत्राशय फुटू शकतं, पोटात रक्तस्राव होऊ शकतो, आणि वरून कुत्रा नुसता लंगडताना दिसतो. ओठ वर करून हिरड्या बघा. त्या गुलाबी असायला हव्यात, बोटाने दाबून सोडल्यावर दोन सेकंदांच्या आत रंग परत यायला हवा. हिरड्या मुळातच काळ्या असतील तर खालची पापणी ओढून आतला रंग बघा. पांढरट दिसलं, धाप लागली, लघवी होत नाही असं वाटलं, तर रात्र असली तरी निघा. हाड बाहेर दिसतंय, पाय लोंबतोय, किंवा स्वच्छ कापडाने पाच-दहा मिनिटं घट्ट दाबूनही रक्त थांबत नाही, तेव्हाही तसंच.

तो पाय थोडाफार टेकतोय, नीट खातोय, शेपूट हलवतोय, तर दिवस-दोन दिवस पूर्ण विश्रांती देऊन बघायला हरकत नाही. पण आधी पंजा तपासा. सुरुवात नेहमी खालून करायची. नखं, विशेषतः आतल्या बाजूचं वरचं नख तुटलंय का, तळव्याची गादी कापली आहे का, बोटांच्या बेचक्यात काही रुतलंय का. तळजाईवर आणि वेताळ टेकडीवर पावसाळा सरला की कुसळं वाळतात, ती बोटांच्या मधून आत शिरतात आणि पुढेच सरकत राहतात, मागे येत नाहीत. बेचक्यात लाल फुगवटा आणि सतत चाटणं दिसलं तर तो मुका मार नाही. फुटलेल्या बाटल्यांच्या काचांबद्दल टेकडीवर फिरणाऱ्यांना सांगायला नकोच.

पंजा ठीक असेल तर दोन्ही पाय एकाच वेळी दोन हातांनी चाचपत वर जा. सूज, गरमपणा, कुठे दाबल्यावर तो मान वळवतो, हे बघा. दुखऱ्या जागी पुन्हा पुन्हा दाबू नका. पुढचा कोणता पाय दुखतोय हे कळत नसेल तर डोक्याकडे लक्ष द्या: चांगला पाय टेकताना डोकं खाली जातं, दुखरा टेकताना वर उचललं जातं.

आणि मोबाइलवर व्हिडिओ काढा. समोरून, मागून, बाजूने, सपाट जागेवर चालताना. दवाखान्यात पोचल्यावर कुत्री भीतीने इतकी ताठ होतात की लंगडणं दिसेनासं होतं. आमच्या डॉक्टरांनी अर्धा अंदाज व्हिडिओवरूनच बांधला.

काही लागल्याचं आठवत नाही, आज हा पाय तर उद्या तो, अंगात कणकण, खाणं कमी, असं असेल तर गोचीड तापाचा विचार करा. सांधे त्यानेही धरतात, आणि पुण्यात तो भरपूर आहे. त्यासाठी रक्त तपासावं लागतं, एक्स-रेत तो दिसत नाही.

जे द्यायचं नाही

माणसांची वेदनाशामकं देऊ नका. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक कुत्र्याच्या पोटात अल्सर करतात आणि मूत्रपिंडं बिघडवतात. कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल दोन्ही आहेत. 'अर्धीच दिली' हा हिशेब इथे चालत नाही. मालिश नको, कारण आत हाड तडकलं असेल तर ते सरकेल. हळदीचा लेप उघड्या जखमेवर नको, डॉक्टरांना आधी तो धुऊन काढावा लागतो. सूज असेल तर कापडात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं ठेवा, तेही त्याने ठेवू दिला तर.

घरी पट्टी बांधून पाय सरळ करण्याचा प्रयत्नही करू नका. मोडलेल्या हाडाच्या वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे धरले तरच आधार मिळतो. नाहीतर पट्टीचं वजन लोंबून हाड आणखी सरकतं.

न्यायचं कसं

कितीही शहाणा कुत्रा असो, दुखण्यात चावतो. ओढणी किंवा रुंद पट्टी तोंडाभोवती घेऊन हनुवटीखाली फिरवा आणि कानामागे गाठ मारा. उलट्या होत असतील, श्वास लागत असेल किंवा पगसारखं चपटं तोंड असेल तर मात्र तोंड बांधू नका. मोठ्या कुत्र्याला जाड चादरीवर सरकवून दोघांनी चार कोपरे धरायचे. मागचा पाय दुखत असेल आणि तो चालू शकत असेल तर पोटाखालून टॉवेल घालून मागचा भाग उचलून धरायचा. रिक्षावाल्या दादांना फोनवरच सांगा की कुत्रा आहे, सीटवर चादर टाकणार आहोत. आधी सांगितलं की बहुतेक जण येतात. निघायच्या आधी खायला घालू नका, कदाचित भूल द्यावी लागेल.

पहिला पैसा कुठे घालायचा

मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे: पैसे कमी असतील तेव्हा तर निदानावर आधी खर्च करा. दर आठवड्याला एक इंजेक्शन, थोडा फरक, पुन्हा लंगडणं, पुन्हा इंजेक्शन, असं करत लोक दोन-तीन महिन्यांत एक्स-रेच्या कितीतरी पट पैसे घालवतात आणि सांधा त्या काळात झिजत राहतो.

एक्स-रे दोन बाजूंनी काढायला सांगा, समोरून आणि आडवा. एकाच बाजूच्या प्लेटमध्ये तडा लपू शकतो. माझ्या बिलावर तपासणीचे ६०० आणि दर प्लेटचे ८०० होते, रक्ताच्या तपासण्या वेगळ्या. तुमच्या भागात आकडे वेगळे असतील. एक्स-रेची डिजिटल फाइल मागून घ्या. एका दवाखान्यात मला ती द्यायला टाळाटाळ झाली. मी काउंटरवरच थांबून, पैसे दिलेत म्हणून शांतपणे मागितली आणि घेतली. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेताना त्या फाइलमुळे सगळं पुन्हा काढावं लागलं नाही. आधीच्या डॉक्टरांनी कोणतं इंजेक्शन दिलं तेही कागदावर लिहून घ्या. स्टेरॉइड आणि वेदनाशामक एकापाठोपाठ पडली तर पोटाला गंभीर इजा होऊ शकते.

निदानानुसार खर्च कसा बदलतो ते समजून घ्या. कोपराच्या किंवा गुडघ्याच्या खालचं साधं फ्रॅक्चर प्लास्टरने भरू शकतं. मांडीचं हाड किंवा खांद्याखालचं हाड मोडलं तर प्लास्टर तिथे सांध्याला धरूच शकत नाही, रॉड किंवा प्लेट लागते. पॉमेरियनसारख्या छोट्या जातींचं पुढच्या पायाचं हाड इतकं बारीक असतं की प्लास्टरमध्ये ते नीट जुळेलच असं नाही. त्याच जातींत चालताना मध्येच एक उडी मारल्यासारखा पाय उचलला जातो, तेव्हा बरेचदा गुडघ्याची वाटी सरकलेली असते. तिच्या चार पायऱ्या मानतात, आणि पहिल्या पायरीला सहसा ऑपरेशन लागत नाही.

गुंड्याचं दुखणं होतं गुडघ्यातलं लिगामेंट, म्हणजे हाडांना जोडून धरणारा चिवट पट्टा, तुटण्याचं. मोठ्या कुत्र्यांत मागचा पाय लंगडण्याचं हे फार नेहमीचं कारण आहे. डॉक्टर मांडीचं हाड आणि गुडघ्याखालचं नळीचं हाड हाताने धरून नळी पुढे सरकते का ते बघतात. १५ किलोच्या आतली कुत्री कधी कधी विश्रांती आणि वजन कमी करून निभावून नेतात, मोठ्यांना ते जड जातं. मला दोन पर्याय सांगितले: सांध्याबाहेरून मजबूत धागा बांधायचा, अंदाज ४०,००० रुपये, किंवा नळीचं हाड कापून, फिरवून प्लेट बसवायची, ज्याला टीपीएलओ म्हणतात, अंदाज १,१०,००० रुपये. गुंड्याचं वजन आणि त्याची धाव बघून सर्जननी दुसरा सुचवला. आवर्ती ठेव मोडून आम्ही तोच केला. ४०,००० वाला पर्याय निवडणारा माणूस कुत्र्यावर कमी प्रेम करतो असं अजिबात नाही. हे मला इथे ठामपणे लिहायचं आहे, कारण अशा वेळी लोक फार मनाला लागेल असं बोलतात.

बोलणी आणि पैसे

दवाखान्यात 'एकूण किती?' एवढंच विचारू नका. लेखी अंदाज मागा आणि त्यात भूल, प्लेट-स्क्रू, रात्रीचं ठेवणं, औषधं, ड्रेसिंग, टाके काढणं आणि नंतरचे एक्स-रे धरलेत का ते एकेक करून विचारा. जंतुसंसर्ग झाला तर पुढचा खर्च कोणाचा, हेही त्याच दिवशी. आपली मर्यादा स्पष्ट सांगा: "डॉक्टर, माझ्याकडे एवढे आहेत, यात सगळ्यात चांगलं काय होईल?" चांगला डॉक्टर या प्रश्नाने दुखावत नाही. ऑपरेशन करणाऱ्यांचं शल्यचिकित्सेतलं शिक्षण आणि हेच ऑपरेशन ते नेहमी करतात का, तेही विचारा.

प्राण्यांच्या दवाखान्याच्या उपचारसेवेवर जीएसटी नाही. खाद्य, पट्टा, औषधं विकत घेतली तर त्यावर तो लागतो, म्हणून बिल वेगवेगळं करून मागा.

कमी खर्चाच्या जागाही आहेत. औंधला सरकारी जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे. सातारा रस्त्याने खाली उतरलं की शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे शिकवणारे प्राध्यापक रुग्ण बघतात. मुंबईला जाणं जमत असेल तर परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हे प्राण्यांचं रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून चालू आहे. कोणते सर्जन कधी असतात ते फोन करून विचारा आणि मगच निघा, दुखऱ्या पायाने खेप वाया जाऊ नये.

विमा दुखापतीच्या आधी घेतलेला असेल तरच उपयोगाचा. आधीचं दुखणं त्यात धरत नाहीत, आणि पॉलिसी घेतल्यावरही काही दिवस प्रतीक्षेचे असतात. लिगामेंट तुटलेल्या कुत्र्यांपैकी निम्म्यांच्या आसपास कुत्र्यांचा पुढे दुसराही गुडघा जातो, म्हणून आम्ही मोडलेली ठेव पुन्हा सुरू केली आहे.

घरी आल्यावर

हाडाला साधारण दोन महिने लागतात, पिल्लांना कमी. त्या काळात उडी नाही, सोफा नाही, जिना नाही. लिफ्ट नसेल तर उचलून न्यायची माणसं आधी ठरवून ठेवा. आम्ही हॉलचा एक कोपरा दिवाण आणि जुन्या कपाटाच्या दाराने अडवला आणि गुळगुळीत फरशीवर रबरी मॅट अंथरल्या. फरशीवरून पाय घसरणं हे ऑपरेशनचं सगळ्यात मोठं वैरी आहे. बाहेर फक्त शी-शूसाठी, छोट्या पट्ट्यावर. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कुत्र्याला बरं वाटायला लागतं आणि घरच्यांना त्याची दया येते. मोकळं सोडलं जातं ते तेव्हाच, म्हणून घरातल्या आजी-आजोबांना आधी नीट समजावा.

प्लास्टर किंवा पट्टी असेल तर टोकाची दोन मधली बोटं उघडी दिसायला हवीत. रोज बघा: ती फाकली, फुगली, गार पडली, वास आला, तर त्याच दिवशी दवाखान्यात. पावसात बाहेर काढताना सलाईनची रिकामी पिशवी कापून मोज्यासारखी चढवायची, दवाखान्यात मागितली की देतात. घरात आल्याबरोबर ती काढायची, आत घाम धरतो. गळ्यातला प्लास्टिकचा शंकू रात्रीही ठेवा. टाके चाटायला एक रात्र पुरते.

खाणं मोजून द्या, कारण फिरणं बंद असतं आणि पोळीचा तुकडा प्रत्येक जण देतो. वजन वाढलं की तो भार त्याच गुडघ्यावर जातो. डॉक्टर सांगतील तेव्हा पाच मिनिटं सावकाश चालवणं सुरू करा आणि दर आठवड्याला थोडं वाढवा. सावकाश चालताना तो पाय टेकतो, पळताना उचलून तीनवर निभावतो, म्हणून वेग कमीच हवा.

शेवटचा एक्स-रे लोक टाळतात, कारण कुत्रा छान चालत असतो आणि पैसे संपलेले असतात. तो टाळू नका. हाड भरलंय की नाही हे चालीवरून कळत नाही. त्याचे पैसे पहिल्या दिवशीच्या अंदाजातच धरून वेगळे काढून ठेवा.