बेसिनखालची गळती आणि हाफ थ्रेड कपलिंग
जळगावच्या घरी बेसिनखाली नटाजवळून पाणी ठिबकायचं. टेप गुंडाळून, नट आवळूनही फरक पडेना. कपलिंग, म्हणजे बेसिनच्या तळाच्या भोकात बसणारी पाणी सोडणारी नळी, काढलं तेव्हा कारण दिसलं: बेसिनला ओव्हरफ्लोचं भोक (जास्तीचं पाणी आतल्या पोकळीतून खाली नेणारं, काठाजवळचं), आणि बसवलेलं कपलिंग फुल थ्रेड, म्हणजे अंगभर आटे आणि खाचा नसलेलं. ओव्हरफ्लोच्या पोकळीत उतरलेल्या पाण्याला पाइपात शिरायला वाटच नव्हती. ते आट्यांवरून झिरपायचं. ३२ मिमीचं हाफ थ्रेड, म्हणजे खालच्या भागालाच आटे आणि वर खाचा असलेलं, पितळी कपलिंग आणलं. त्याच्या खाचा पोकळीसमोर आल्या पाहिजेत, हे नक्की बघा. खाली रबरी वायसर लावून नट हातानेच घट्ट केला, पान्याने जेमतेम पाव फेरा. चिनीमाती पटकन तडकते. आमच्या बोअरच्या जड पाण्याने क्षार साचतात, कपलिंग अधूनमधून उघडावं लागतं, त्यात प्लास्टिकचे आटे झिजतात. म्हणून पितळच घ्या. ओव्हरफ्लो नसलेल्या बेसिनला मात्र फुल थ्रेडच लागतं.