लोड वाढला की पॅकेट ड्रॉप: लिनक्स ट्रॅफिक शेपिंगमधल्या या चुका टाळा

संध्याकाळी ट्रॅफिक चढतो, कॉल तुटायला लागतात आणि टीसीच्या (लिनक्समध्ये ट्रॅफिकचा वेग आणि रांगा ठरवणारी कमांड) आकडेवारीत 'ड्रॉप्ड'चा, म्हणजे टाकून दिलेल्या पॅकेटचा, आकडा पळत सुटतो. अशा वेळी बहुतेकांचा हात आधी रांगेची लिमिट वाढवायला जातो. कृपया हे करू नका. शेपर (ट्रॅफिकचा वेग मर्यादेत ठेवणारा भाग) पॅकेट टाकून देतो तेव्हा बरेचदा तो त्याचं कामच करत असतो; वेग कमी कर, हा निरोप टीसीपीला (पाठवण्याचा वेग सांभाळणाऱ्या प्रोटोकॉलला) त्यातूनच मिळतो. आधी शोधायचं ते पॅकेट कुठे पडतंय आणि कोणाचं पडतंय.

रांग वाढवण्याचा हिशेब करून बघा. 10 मेगाबिटचा क्लास (स्वतःचा दर असलेला ट्रॅफिकचा गट) आहे आणि त्याखाली 1000 पॅकेटची साधी पीफायफो, म्हणजे आधी आलेलं आधी सोडणारी रांग. 1500 बाइटची 1000 पॅकेट म्हणजे 1 कोटी 20 लाख बिट. रांग भरली की शेवटचं पॅकेट 1.2 सेकंद ताटकळणार. लिमिट 5000 केलीत तर 6 सेकंद. ड्रॉपचा आकडा कदाचित खाली येईल, पण तोवर कॉलवरचं बोलणं संपलेलं असेल. त्यापेक्षा एचटीबीच्या (क्लासांत दर वाटून देणाऱ्या शेपरच्या) प्रत्येक लीफ, म्हणजे सर्वात खालच्या, क्लासखाली एफक्यू-कोडेल ही रांग-पद्धत लावा; कर्नल 3.5 पासून, म्हणजे 2012 पासून ते लिनक्समध्ये आहे. मोठं डाउनलोड आणि छोटा कॉल यांच्या रांगा ते वेगळ्या ठेवतं, त्यामुळे मार बसतो तो रांग अडवणाऱ्यालाच. मात्र क्लास 1 मेगाबिटच्या आसपासचा असेल तर एकच मोठं पॅकेट बाहेर पडायला 12 मिलिसेकंद लागतात. तिथे एफक्यू-कोडेलचं 5 मिलिसेकंदांचं डीफॉल्ट टार्गेट (रांगेत थांबण्याची चालण्याजोगी वेळ) फार कडक होतं. ते 15 च्या घरात न्या.

टीसीच्या आकडेवारीत 'ओव्हरलिमिट्स' वाढलं म्हणून घाबरू नका. पॅकेटला थांबवलं, एवढाच त्याचा अर्थ. हे सगळे काउंटर साठत जाणारे असतात, त्यामुळे काही सेकंदांच्या अंतराने दोनदा बघून फरक काढा.

एककाची चूक फार महाग पडते. टीसीमध्ये 'एमबिट' म्हणजे मेगाबिट, पण 'एमबीपीएस' म्हणजे मेगाबाइट प्रति सेकंद. 100 एमबीपीएस लिहिलंत की 800 मेगाबिटची मुभा दिलीत. मग शेपर कधी अडवतच नाही, रांग पुढे मोडेममध्ये साचते आणि पॅकेट तिथे पडतात. टीसी मात्र शून्य ड्रॉप दाखवतं! 100 मेगाबिटच्या पॅरेंटखाली (वरच्या क्लासखाली) 40 चे तीन क्लास केले तरी हेच होतं, कारण एचटीबी खालच्या क्लासांचा हमी दर पाळतो, पॅरेंटची मर्यादा ओलांडून सुद्धा. बेरीज पॅरेंटच्या आत ठेवा, आणि पॅरेंटचा दर लिंकच्या खऱ्या वेगापेक्षा थोडा कमी.

पॅकेट क्लासांत वाटणारे फिल्टर फक्त आयपीव्ही4 साठी लिहिलेत का, तेही बघा. तसं असेल तर आयपीव्ही6 आणि एआरपी (आयपी पत्त्यावरून कार्डाचा पत्ता विचारणारी पॅकेट) दोन्ही डीफॉल्ट क्लासात जातात. तो क्लास चिमुकला असेल तर लोडखाली एआरपीचीच पॅकेट पडतात, आणि गेटवे मधूनच गायब झाल्यासारखा वाटतो. एआरपीला स्वतःचा छोटा क्लास द्या. एचटीबीत डीफॉल्ट दिलाच नसेल तर असा ट्रॅफिक शेपिंगशिवाय सुटतो; एचएफएससी (असाच दुसरा शेपर) तो सरळ फेकून देतं.

आता ज्या ठिकाणी सहसा कोणी बघत नाही ते. टीसीत ड्रॉप नाही, तरी पॅकेट हरवतायत? मग ती शेपरपर्यंत पोचतच नसतील. प्रॉकमधल्या (कर्नलची माहिती दाखवणाऱ्या फोल्डरमधल्या) सॉफ्टनेट-स्टॅट फाइलचा दुसरा रकाना ड्रॉपचा असतो, तिसरा वेळ अपुरी पडल्याचा. दर ओळ एका कोअरची. एकाच ओळीत आकडे फुगत असतील तर इंटरप्ट (कार्डाने प्रोसेसरला दिलेल्या हाका) त्या एकाच कोअरवर कोसळतायत. ते वाटून द्या. इथटूल या कमांडने दाखवलेल्या नेटवर्क कार्डाच्या आकडेवारीत मिस्ड वाढत असेल तर रिसीव्ह रिंग (आलेली पॅकेट ठेवण्याची जागा) वेळेवर रिकामी होत नाहीये. आणि परफ टॉपमध्ये (प्रोसेसरचा वेळ कुठे जातो ते दाखवणाऱ्या कमांडमध्ये) स्पिनलॉक, म्हणजे कुलूप मोकळं होण्याची वाट बघणं, सगळ्यात वर दिसला, तर संशय एचटीबीच्या रूट लॉकवर घ्या: नेहमीच्या मांडणीत कार्डाला कितीही क्यू असोत, सगळे कोअर त्या एका कुलपापाशी थांबतात. तिथे दर आणि बर्स्ट बदलत बसण्यात अर्थ नाही. एमक्यू (कार्डाच्या प्रत्येक क्यूला वेगळी रांग देणारी मांडणी) ठेवून त्याच्या प्रत्येक क्यूखाली स्वतंत्र शेपर लावा, आणि एका ग्राहकाचा ट्रॅफिक एकाच क्यूत जाईल अशी वाटणी करा.