हेडलाइटचा स्क्रू फिरवण्याआधी या चुका टाळा

समोरचा डिपर मारतोय, म्हणजे आपले दिवे वर गेलेत. आपल्यालाच रस्ता दिसत नाहीये, म्हणजे खाली गेलेत. एवढा हिशोब करून बरेच जण बोनेट उघडतात आणि थेट झोत वरखाली करणाऱ्या स्क्रूला हात घालतात. मीही घातला होता. उजव्या दिव्याचा उजेड कमी वाटला म्हणून तो तीन फेरे वर घेतला आणि पुढचा आठवडाभर समोरच्यांचे डिपर खात फिरलो. शेवटी लक्षात आलं, की मीच बदललेला बल्ब खाचेत नीट बसला नव्हता. बरं, स्क्रू किती फिरवला होता हेही लिहून ठेवलं नव्हतं.

स्क्रूवर आधी संशय घेणं

ही सगळ्यात मोठी चूक. हेडलाइटचा स्क्रू सहसा आपोआप फिरत नाही. काल बरोबर असलेला झोत आज चुकतोय, तर मध्ये काय बदललं ते आधी आठवा. बंपर उघडला होता का? नवा बल्ब टाकला का? डिकीत सामान भरलंय का? मागच्या टायरांत हवा आहे ना?

बल्बचं प्रकरण तर खास तपासण्यासारखं. हॅलोजन बल्बची तार रिफ्लेक्टरच्या, म्हणजे दिव्यातल्या आरशाच्या, ठरलेल्या बिंदूवर असेल तरच झोत नीट पडतो. बल्ब थोडा जरी तिरका बसला तरी समोरच्या भिंतीवर पडलेल्या उजेडाची वरची कड फाटकी दिसते. हॅलोजनच्या दिव्यात बाजारातला एलईडी बल्ब टाकला की अनेकदा हेच होतं, कारण उजेड मूळ तारेच्या जागेवरून निघत नाही. मग समोरच्याच्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून माणूस दिवा खाली करतो, आणि स्वतःलाच लांबचं दिसेनासं होतं. विखुरलेला उजेड स्क्रूने गोळा होत नाही. पिवळी पडलेली काचही तशीच. ती आधी साफ करा, मग झोत बघा.

डॅशबोर्डवरचं चाक विसरणं

अनेक गाड्यांत स्टिअरिंगच्या आसपास ० ते ३ आकड्यांचं छोटं चाक असतं. मागे वजन वाढलं की झोत खाली आणण्यासाठी ते असतं. कुणाचा तरी हात लागून ते २ वर गेलेलं असतं आणि आपण स्क्रू फिरवत बसतो. मोजणी नेहमी ० वर ठेवून करा. डिकी रिकामी, टायरांत बरोबर हवा आणि चालकाच्या जागी माणूस बसलेला हवा. माणूस नसेल तर साधारण ७५ किलो वजन ठेवा.

जमीन न बघता भिंत बघणं

इथे जरा थांबू या, कारण घरी मोजताना चूक होते ती बहुतेक इथेच.

दिव्याचा मध्य जमिनीपासून ६५ सेंमी उंच आहे आणि झोत १ टक्का खाली ठेवायचा आहे असं धरा. १ टक्का म्हणजे १० मीटरवर १० सेंमी. म्हणजे १० मीटर लांबच्या भिंतीवर उजेडाची वरची कड ५५ सेंमीवर हवी, आणि भिंत नसती तर ती कड ६५ मीटरवर रस्त्याला टेकली असती. हाच उतार २ टक्के झाला, तर ती ३२ मीटरवरच टेकते. ताशी ८० च्या वेगाने ते अंतर दीड सेकंदाचं आहे. भिंतीवर १० सेंमी किरकोळ वाटतात, रस्त्यावर मात्र निम्मा उजेड जातो.

आता पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर अडीच मीटर आहे, पुढची चाकं मागच्यांपेक्षा अडीच सेंमी खाली आहेत आणि तिथून भिंतीपर्यंतची जमीन आडवी आहे असं समजा. पाणी वाहून जावं म्हणून दिलेला उतार एवढा सहज असतो. गाडीचं नाक तिथेच १ टक्का खाली गेलं. तुम्ही भिंतीवर कड ५५ वर आणलीत, तर सपाट रस्त्यावर तुमचा झोत खाली न झुकता सरळ जाणार, आणि गाडीचं नाक जरा वर उचललं की समोरच्याच्या डोळ्यांत.

जमीन अगदी आडवीच हवी असं मात्र नाही. चाकांखालची आणि भिंतीपर्यंतची जमीन एकाच उताराची असली की झालं. मागच्या चाकापासून भिंतीच्या पायथ्यापर्यंत जमिनीलगत सुतळी ताणा. मध्ये कुठे फट दिसली किंवा सुतळी उचलली गेली, तर जागा बदला. १० मीटर मोकळी जागा नसेल तर ५ मीटरही चालतात, तिथे १ टक्का म्हणजे ५ सेंमी. पण अंतर कमी झालं की मोजण्यातली चूक दुप्पट महाग पडते.

दुसऱ्याच्या गाडीचा आकडा वापरणं

वरचा १ टक्का हे उदाहरण झालं. तुमच्या गाडीचा आकडा बहुधा दिव्यावरच किंवा बोनेटखाली, झोताच्या छोट्या चित्राशेजारी छापलेला असतो: १.०%, १.३% असा. तोच धरा. अमेरिकी गाड्यांसाठी सांगितली जाणारी, भिंतीपासून २५ फुटांवर मोजायची पद्धत आणि ही टक्केवारी यांची खिचडी करू नका.

कड मोजायची ती तिच्या सपाट भागावर. डावीकडून वाहन चालवायच्या देशांत लो बीमची (जवळच्या, खालच्या झोताची) कड डाव्या बाजूला मुद्दाम वर चढते, रस्त्याची कडा आणि पाट्या दिसाव्यात म्हणून. ती चढण म्हणजे बिघाड नाही, 'सरळ' करायला जाऊ नका.

स्वयंचलित दिव्यांशी झटापट

काही गाड्या स्वतःच झोत वरखाली करतात. गाडी किती झुकली हे सस्पेन्शनला जोडलेला सेन्सर सांगतो. त्याची बारीक दांडी वाकली किंवा सुटली की झोत चुकतो, आणि तिथे स्क्रू फिरवणं म्हणजे वजनकाटा बिघडला म्हणून जेवण सोडणं. दिव्यांची वॉर्निंग पेटलेली असेल, किंवा वळणाबरोबर वळणारे वा समोरच्यापुरताच अंधार करणारे दिवे असतील, तर काम गाडीला स्कॅनर जोडून कॅलिब्रेशन (दिवे पुन्हा जुळवणं) करणाऱ्याकडे सोपवा.

फिरवताना

गाडी उभी केल्यावर चारही कोपऱ्यांवर दाबून हलवून घ्या, म्हणजे सस्पेन्शन आपल्या जागी बसेल. इंजिन चालू ठेवा. एकावेळी एकच दिवा बघा, दुसऱ्यापुढे थोड्या अंतरावर पुठ्ठा धरा. काचेवर फडकं टाकून ठेवू नका, ती तापते.

दिव्यामागे दोन स्क्रू असले तर एक झोत वरखाली करतो आणि दुसरा डावीउजवीकडे. दुसरा विनाकारण फिरवला की परत जागेवर आणणं घरी जिकिरीचं होतं. दिवा बॉडीला धरून ठेवणारे बोल्ट हेही स्क्रूच समजून ढिले करणारे पाहिले आहेत. आतले दाते प्लास्टिकचे असतात, जोर लागला की थांबा. अर्धा-अर्धा फेरा घ्या आणि आकडा कागदावर लिहा.

शेवटी सपाट रस्त्यावर, पुढे थांबलेल्या गाडीच्या मागे साधारण १० मीटरवर उभे राहून बघा. कड तिच्या बंपरच्या आसपास असायला हवी. मागच्या काचेवर चढलेली दिसली, तर सुतळी पुन्हा काढा.